फक्कीचं घर

“आधी दार उघड,” ताई म्हणाल्या.

बेबी दोन्ही हातांत घडीच्या खुर्च्या घेऊन गवतात उभी होती. तिच्यासमोर दार नव्हतं, भिंत नव्हती, काहीच नव्हतं. जमिनीवर पांढऱ्या फक्कीची एक रेघ होती आणि त्या रेघेत एक माणूस जाईल एवढी मोकळी जागा.

“हात रिकामे नाहीत माझे.”

“मग खुर्च्या खाली ठेव. भिंतीतून जायचं नाही. नियम म्हणजे नियम.”

बेबीनं खुर्च्या खाली ठेवल्या, हवेत हात घालून कडी काढली आणि न दिसणारं दार आत ढकललं. वर तोंडानं ‘कर्रर्र’ असा आवाजही काढला.

“नवं दार आहे ते. आत्तापासूनच कुरकुरायला लागलं?”

“घरातल्या माणसांवर गेलंय,” बेबी म्हणाली आणि आत गेली.

नियम आर्किटेक्टचा होता. घर कागदावर आखून झालं, पुठ्ठ्याचं छोटं घर करून दाखवलं, सगळ्यांच्या माना डोलल्या, की पाया खणायच्या आदल्या दिवशी ती मिस्त्रीकडून अख्खं घर जमिनीवर फक्कीनं आखून घ्यायची. खऱ्या मापाचं. मग मालकांनी सकाळपासून ऊन कलेपर्यंत त्या रेघांच्या घरात राहायचं. खुर्ची जिथे असणार तिथेच मांडायची, जेवायचं तिथेच जेवायचं, आणि जायचं-यायचं ते फक्त दारातून. “कागदावरचं घर सगळ्यांनाच आवडतं,” ती म्हणायची. “कागदावर कुणाचा गुडघा दुखत नाही.” अशा एका दिवसानंतर एका कुटुंबानं वरचा मजलाच रद्द केला होता. एका गृहस्थांना तर आपल्याला घर नकोच आहे, नुसती झाडं हवी आहेत, असा साक्षात्कार झाला होता. मिस्त्रीच्या मते हा सगळा भातुकलीचा खेळ होता. पण खेळ झाला म्हणून काय, फक्कीची रेघ वाकडी गेलेली त्याला खपत नसे.

बेबीला मात्र हा नियम ऐकल्याबरोबर पटला होता. साठी उलटली तरी घरात, नात्यात, शेजारीपाजारी ती बेबीच. आयुष्यभर तिनं लोकांचे कपडे बेतले होते. अवघड अंगाचा माणूस आला, की बाकीचे शिंपी त्याला तिच्याकडे पाठवत.

“आधी खडू, मग कात्री,” ती आर्किटेक्टला म्हणाली होती. “खडू झटकता येतो. कात्री चालली की चालली.”

कात्रीचा शब्द निघाला तेव्हा ताईंनी खिडकीबाहेर बघितलं होतं.

ते कात्रीचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण हे घर दोन तुकड्यांचं झालं ते त्या कात्रीपायी. बऱ्याच वर्षांपूर्वी बेबीचा नवरा गेला, तेव्हा ताईंनी तिला हट्टानं आपल्या घरी आणलं. ताई म्हणजे इस्पितळातल्या ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्स. लग्न केलं नाही. “हुकूम सोडायला अख्खं इस्पितळ आहे, नवरा कशाला?” असं म्हणायच्या. घरातही तोच खाक्या. फडकी उकळायची, चमचे उकळायचे, जे जे पातेल्यात मावेल ते उकळायचं. बेबी बिचारी दुःखात होती, तोवर सगळं सोसत राहिली. मग एके दिवशी ताईंनी, बहिणीला तेवढीच मदत म्हणून, तिची कापड कापायची मोठी कात्री फडक्यांबरोबर उकळून काढली. चांगली खळखळून. वर ओलीच टोपलीत टाकून ठेवली. धार गेली, सांधा गंजून बसला. ती कात्री बेबीच्या नवऱ्यानं लग्नाच्या पहिल्या वर्षी आणलेली होती.

“दुसरी आणू,” ताई म्हणाल्या होत्या.

बेबीनं बॅग भरली. पुढे बराच काळ अबोला. मग हळूहळू फोन सुरू झाले, वाढदिवस झाले, एकमेकींच्या आजारपणात धावून जाणं झालं. सगळं पहिल्यासारखं झालं. फक्त दोघी पुन्हा कधी एका छपराखाली राहिल्या नाहीत आणि कात्रीचं नाव कुणी काढलं नाही. ‘माझं चुकलं’ हे शब्द ताईंच्या तोंडून कधीच आले नाहीत. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ते नसावेत.

आता दोघीही निवृत्त, दोघीही एकट्या. टेकडीच्या कुशीतली ही उताराची जमीन त्यांनी मिळून घेतली होती. खाली तळं, बांधावर एक जुनं पसरट झाड, बाकी नुसतं गवत आणि आभाळ. जमीन मिळून घेतली, पण घर?

“भांड्याला भांडं लागणारच,” ताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. “म्हणून भांडीच वेगळी ठेव.”

बेबीनं जरा घाईनंच मान हलवली होती.

आर्किटेक्टनं मग तसंच घर बेतलं, आणि खरं सांगायचं तर फार देखणं बेतलं. लांबट, बैठं घर. दगडी जोतं, कौलारू उतरतं छप्पर, पुढे टोकापासून टोकापर्यंत एकच व्हरांडा. आणि बरोबर मध्यातून, पुढून मागे, एक जाड दगडी भिंत. भिंतीच्या पूर्वेला एकीची बैठक, निजायची खोली आणि स्वयंपाकघर. पश्चिमेला तेच दुसरीसाठी, आरशात बघितल्यासारखं. एकीला दुसरीकडे जायचं तर आपल्या दारातून बाहेर, व्हरांड्यातून चालत, तिच्या दारातून आत. ती अखंड भिंत छपराच्या वर हातभर डोकावणार होती. आर्किटेक्टचा त्या भिंतीवर भारी जीव होता. इतर आर्किटेक्ट मंडळी ती बघून जळतील, असंही तिला मनातल्या मनात वाटे.

पण नकाशा नक्की झाला त्याच आठवड्यात तिला दोन फोन आले.

पहिला बेबीचा. “हे बघ, ताईला सांगू नकोस, पण पूर्वेची बाजू तिला दे. सकाळचं ऊन तिच्या गुडघ्यांना बरं. मी म्हणेन, मला उजेडात झोप लागत नाही.” फोन ठेवता ठेवता म्हणाली, “ती भिंत तिलाच हवी आहे गं. माझं काय, मी कशीही राहिले असते.”

दुसरा ताईंचा. “बेबीला बोलायचं नाही. पूर्वेची बाजू तिची. अजून शिवते ती, उजेड लागतो. मी सांगेन, उन्हानं माझं डोकं उठतं.” मग जरा थांबून, “भिंत चांगली जाड कर. तिच्यासाठीच आहे ती. माझा जाच तिला पुन्हा नको.”

दोघींनी तिच्याकडून शब्द घेतला होता, आणि ही बाई शब्दाची पक्की. त्यामुळे तिची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी झाली होती. भिंत दोघींनाही नको होती. दोघी ती एकमेकींसाठी बांधत होत्या. उद्या सकाळी मजूर कुदळी घेऊन यायचे होते. एकदा दगड बसला, की या दोन बहिणी उरलेलं आयुष्य एकमेकींवर जीव असूनही शेजारणींसारखं काढणार होत्या. आता तिच्या हातात होता तो एवढा एक दिवस आणि पोतंभर फक्की.

दिवसाची सुरुवातच भांडणानं झाली. बेबीनं पश्चिमेच्या बैठकीत खुर्ची मांडली. ताईंनी आपली खुर्ची आणून तिच्या शेजारीच टेकवली.

“ही बाजू माझी,” ताई म्हणाल्या.

“छे! माझी. मला उजेडात झोप लागत नाही.”

“कधीपासून? भर दुपारी ओट्यावर घोरायचीस.”

“आणि तुझं डोकं कधीपासून उठायला लागलं उन्हानं? सुट्टीच्या दिवशी गच्चीत मांजरासारखी पडून असायचीस!”

दोघी एकदम थांबल्या आणि दोघींनी एकदम आर्किटेक्टकडे बघितलं. ती खाली वाकून बुटाची नाडी बांधत होती. बुटाला नाडी नव्हती.

“जेवणापर्यंत ताई पूर्वेला,” ती उठून म्हणाली. “जेवणानंतर अदलाबदल. मग ठरवा.”

झाडाखाली परतताना मिस्त्री तिला म्हणाला, “चांगली बाजू दोघींनाही नको, असं गिऱ्हाईक पहिल्यांदा बघतोय. एरवी डोकी फुटतात.”

झाडाखालून सगळं दिसे, ऐकू मात्र आलं तर आलं. ताई पूर्वेच्या बैठकीत ताठ बसल्या होत्या, ड्यूटीवर असल्यासारख्या. ऊन टेकडीवरून खाली उतरलं, व्हरांड्याची रेघ ओलांडून त्यांच्या पायांवर आलं, गुडघ्यांवर चढलं. ताईंनी इकडेतिकडे बघून हळूच पाय लांब केले. थोड्या वेळानं त्यांची मान कलली. उन्हानं डोकं उठणाऱ्या ताई भर उन्हात गाढ झोपल्या.

भिंतीच्या रेघेपलीकडे बेबी एका परकराला दुमड घालत होती. ताईंच्या तोंडावर ऊन आलेलं तिनं बघितलं. हात लांब केला असता तर पोचला असता. पण ती उठली, आपल्या दारातून बाहेर गेली, व्हरांड्यातून चालत ताईंच्या दारातून आत आली, खांद्यावरचा स्टोल काढून तिनं ताईंच्या कपाळावर अलगद धरला, मग खुर्चीच्या पाठीला अडकवला. आणि त्याच वाटेनं परत जाऊन सुईत दोरा ओवू लागली.

ताई जाग्या झाल्या तेव्हा त्यांना स्टोल दिसला. थर्मास त्यांच्याकडे होता. त्यांनी दोन कपांत चहा ओतला आणि दोन्ही कप घेऊन निघाल्या. दारातून बाहेर, व्हरांड्याची सगळी लांबी, जमिनीच्या उतारावर जपून एक एक पाऊल, मग बेबीच्या दारातून आत.

“गार झालाय,” बेबी घोट घेऊन म्हणाली.

“लांबून आलाय,” ताई म्हणाल्या.

जेवायला दोघी आपापल्या स्वयंपाकघरात बसल्या. दोन्ही स्वयंपाकघरं भिंतीला लागून, त्यामुळे खुर्च्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे अगदी शेजारी आल्या. पाव, उकडलेली अंडी, संत्री. बेबी काहीतरी सांगायला लागली, अर्ध्यावर हसूही आलं तिला.

ताईंनी रेघेकडे बोट दाखवलं.

“दगडाची आहे. मला ऐकू येणार नाही.”

त्या नियमाला धरूनच बोलल्या होत्या, टोचायचं म्हणून नाही. पण बेबीचा चेहरा उतरला. ती संत्र्याची सालं काढू लागली. दोन माणसं हाताच्या अंतरावर बसून एकटी एकटी जेवत होती. झाडाखाली आर्किटेक्टनं हातातला घास खाली ठेवला. आपण ही काय भिंत घातली, असं तिला पहिल्यांदा वाटलं. शब्द मोडून जाऊन सांगावं का? ती अर्धवट उठली आणि परत बसली. सांगितलं असतं तर दोघींनी कानांवर हात ठेवले असते, आणि एकमेकींची समजूत घालायला भिंत आणखी जाड करा म्हणाल्या असत्या. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही, अशी जात.

दुपारी तिला मिस्त्रीबरोबर त्याच भिंतीचा दगड पसंत करायला खाणीवर जायचं होतं. दोघी बहिणींनी बाजू बदललेल्या बघून ती निघाली.

परत आली तेव्हा उन्हं तळ्याकडे झुकली होती. तिच्या हातात नमुन्याचा दगड होता, करडा, निळसर झाक असलेला, फार सुरेख. ताई-बेबी शहाण्या मुलींसारख्या आपापल्या जागी बसल्या होत्या. ताई पश्चिमेला, बेबी पूर्वेला. घराच्या सगळ्या रेघा सकाळसारख्या लखलखीत होत्या. फक्त मधल्या भिंतीत, दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये, एका जागी फक्की नव्हती. तिथलं गवत चांगलं आडवं झालं होतं.

“इथली रेघ कुठे गेली?” मिस्त्रीनं विचारलं.

“वारा आला होता,” बेबी म्हणाली.

“मोठा,” ताईंनी दुजोरा दिला.

मिस्त्रीनं इतर रेघांवरून नजर फिरवली. कुठे कणही हललेला नव्हता.

“हुशार वारा दिसतोय,” तो म्हणाला. “बरोबर या स्वयंपाकघरातून त्या स्वयंपाकघरात गेला.”

बेबीनं चपला हळूच खुर्चीखाली ओढून घेतल्या. टाचेपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या त्या. ताईंच्या साडीचा काठ तसाच पांढरा. थर्मास पूर्वेच्या स्वयंपाकघरात होता, कपबशा पश्चिमेच्या, आणि संत्र्यांची सालं मात्र सगळी एकाच ठिकाणी, बरोबर त्या उडालेल्या रेघेवर.

मिस्त्री फक्कीचा डबा घेऊन रेघ पुन्हा मारायला वाकला.

“थांबा,” आर्किटेक्ट म्हणाली. तिनं ती लांबलचक अखंड भिंत एकदा डोळे भरून बघून घेतली आणि हातातला दगड गवतात ठेवला. “ताई, बेबीमावशी, पुन्हा मारायची का रेघ?”

खाली तळ्यावर एक बगळा उडाला, तो दोघींनी नको तितक्या लक्षपूर्वक पाहिला. बेबीनं ताईंकडे बघितलं. ताई आपल्या गुडघ्याकडे बघत होत्या.

“उसवलंच आहे,” बेबी शेवटी म्हणाली, “तर राहू दे.”

“राहू दे म्हणजे?” ताई एकदम उसळल्या. “उसवलेलं तसंच ठेवतात का? एवढी वर्षं शिवलंस काय मग? कडा नीट करून घ्या म्हणावं. चौकट बसवा, दार करा.”

“बरं,” बेबी म्हणाली. एवढं मऊ ‘बरं’ आर्किटेक्टनं तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मिस्त्री कामाचा माणूस. त्यानं खिशातून टेप काढून मापही घेतलं. “दार झालं. कडी कुणाच्या बाजूनं लावायची?”

“तिच्या,” ताई म्हणाल्या.

“तिच्या,” बेबी त्याच क्षणी म्हणाली.

“म्हणजे कडी नको,” मिस्त्री म्हणाला आणि टेप गुंडाळली.

आवराआवर सुरू झाली. बेबी खुर्च्यांच्या घड्या घालून व्हरांड्यात नेऊ लागली. ताईंनी आर्किटेक्टला खूण करून पूर्वेच्या स्वयंपाकघरात बोलावलं. नव्या दारातून आल्या त्या, आणि येताना नसलेल्या उंबरठ्यावरून पायही जपून उचलला.

“हे बघ,” त्या म्हणाल्या. “स्वयंपाकघर एकच पुरे, ते पलीकडचं. दोन म्हाताऱ्यांना खायला लागतं किती? इथे उजेड चांगला येतो, आज बघितलं मी. इथे तिला शिवणाची खोली कर. लांब टेबल कर, कापड पसरेल असं. आणि निजायचं म्हणशील, तर या बाजूच्या निजायच्या खोलीत मी निजेन. ऊन बाधत नाही मला. बाधतं म्हणाले होते, ते सोड.”

“सोडलं,” आर्किटेक्ट म्हणाली.

ताईंनी घसा साफ केला. मग पुन्हा केला. इस्पितळात ज्यांच्या आवाजानं शिकाऊ डॉक्टर भिंतीला चिकटत, त्या ताई आता जमिनीकडे बघून बोलत होत्या.

“फक्त एक लक्षात ठेव. या खोलीत शेगडी ठेवायची नाही. गॅसची नाही, विजेची नाही. नळसुद्धा नको. काही म्हणता काही उकळता येईल, असं इथे ठेवू नकोस. ती कपडे बेतत असेल आणि मी मदतीला येईन… माझा काही भरवसा नाही. एकदा केलंय मी. फार वाईट केलं ते.”

आर्किटेक्टनं वर बघितलं. व्हरांड्यात बेबी दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन उभी होती. मध्ये स्वयंपाकघराची भिंत होती, बैठकीची भिंत होती, पण त्या सगळ्या फक्कीच्या. एकूण एक शब्द ऐकू गेला होता.

बेबीनं खुर्च्या खाली ठेवल्या. पदरानं डोळे टिपले, मग नाक, मग पुन्हा डोळे.

“ताई,” ती तिथूनच म्हणाली, “इस्त्रीला पाणी लागतं. नळ राहू दे.”

ताईंनी जरा विचार केला.

“बरं, नळ राहू दे. पण शेगडी नाही.”

“शेगडी नाही,” बेबी म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्या कात्रीवरून हसू आलं. खळखळ उकळणाऱ्या पातेल्यात फडक्यांबरोबर वरखाली होणारी ती भलीमोठी कात्री तिच्या डोळ्यांसमोर आली असावी. तिला हसू आवरेना. व्हरांड्याच्या रेघेवर ती मटकन बसलीच.

“हसतेस काय?” ताई म्हणाल्या. त्यांचाही आवाज काही ठिकाणावर नव्हता. “ऊठ, खुर्च्या उचल. साडीला फक्की लागतेय.”